आत्याची उजरदारी

इंग्लंडात मी वर्षभर होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि बायकांमध्ये बोटीत बसलेलीही मीच पहिली. हे मी मोठेपणासाठी सांगते असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, कारण ते खरंच आहे.

तिथं ज्या गावात राहायला होते तिथल्या चर्चमध्ये दर रविवारी जायची. दगडी चर्च, काळपट लाकडी बाकं, गुडघे टेकायला भरतकाम केलेल्या उशा. कोणी कुठं बसायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहिल्याच रविवारी मी एका म्हातारीच्या जागेवर बसले. ती काही बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. मग मीच उठले. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत चहा मिळायचा आणि माणसं हवापाण्याबद्दल बोलायची. वाईट नव्हती माणसं. पण इतकी गप्प मंडळी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

एका रविवारी तिथल्या पाद्र्यानं लग्न ठरलेल्या दोघांची नावं वाचली आणि विचारलं, या लग्नाला कोणाची हरकत आहे का. आणि थांबला. सगळं चर्च श्वास धरून बसलं. कोणी खोकलंही नाही. मग त्यानं पान उलटलं आणि पुढं गेला. मला हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरला तरी घरमालकिणीनं पाहिलंच. घरी जाताना तिनं विचारलं, त्यात हसण्यासारखं काय होतं. मी म्हटलं, आमच्या गावात असं विचारलं की माणसं उभी राहतात. तिला वाटलं, माझ्या गावची माणसं फार भांडखोर असणार. मी पुढं सांगायचा प्रयत्न केला नाही. ती गोष्ट गावापासून सुरू करावी लागते, आणि तेवढं इंग्रजी माझ्याकडं असलं तरी तेवढा धीर तिच्याकडं नव्हता. म्हणून मराठीतच सांगते.

आमचं गाव गुडीहत्नूरच्या अलीकडं, सडकेपासून आत. निजामाचं राज्य होतं. सडकेवरून सरकारी मोटार जायची. ती धुरळा उडवत गेली की वेळ कळायची. गावाच्या एका कडेला आमची मंडळी, म्हणजे आजोबांच्या काळात बाप्तिस्मा घेतलेली घरं. सगळी जवारी-कापसाची, बरीचशी दुसऱ्याच्या वावरात राबणारी. आणि मंडळीच्या मधोमध आमचं देऊळ. चर्च हा शब्द आम्हाला पुस्तकात भेटला. आमच्यासाठी ते देऊळच.

मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू. शनिवारी बायका शेणानं सारवून काढत, आणि रविवारी सकाळी त्या ओल्या सारवणाचा गार वास यायचा. चपला बाहेर. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं, सगळे खालीच बसलेले. घंटा नव्हती, लिंबाला रुळाचा तुकडा टांगला होता, तो हातोड्यानं ठोकायचा. गायनाला ढोलकी आणि टाळ. चाली भजनाच्याच. आमच्यातला एक म्हातारा टाळ वाजवताना डोळे मिटून घ्यायचा आणि गीत संपलं तरी वाजवतच राहायचा. त्याला कोणीतरी कोपरानं ढोसायचं, मग तो थांबायचा. त्या इंग्रजी चर्चमध्ये पाइपांचा भला मोठा ऑर्गन वाजायचा, फार सुंदर वाजायचा. पण मी डोळे मिटले की मला ढोलकीच ऐकू यायची.

पाद्री आदिलाबादेत राहायचे. महिन्यातून एकदा बैलगाडीनं यायचे, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं. द्राक्षारस कुठला मिळायचा, मनुका उकळून त्याचं पाणी गाळून घेत. बाकीच्या रविवारी मिशन शाळेचे मास्तरच उपासना चालवत. लग्नाच्या चिठ्ठ्याही तेच वाचत. लग्न ठरलं की तीन रविवार लागोपाठ देवळात नवरानवरीचं नाव वाचायचं, त्याला आमच्याकडं चिठ्ठी वाचणं म्हणत. मास्तर नावं वाचत आणि चटकन पुढच्या गीताचा आकडा सांगत. हरकतीचं ते कधीच विचारत नसत. पुस्तकात तो प्रश्न छापलेला होता, पण मास्तर आमच्यातलेच. विचारलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं.

कारण आमच्याकडं पोरीचं लग्न म्हणजे हरकत घ्यायचीच वेळ. भावाच्या पोरीवर पहिला हक्क बहिणीचा. ती आपल्या पोरासाठी मागणार, हे धरून चाललेलं. पोरगी बाहेर द्यायची ठरली की आत्यानं रुसायचं. चारचौघांत म्हणायचं, माझी सून दुसऱ्याला दिली. मग भावानं लुगडं-चोळी घेऊन तिच्या दारात जायचं, पाया पडायचं, आणि तिनं म्हणायचं, जा, दिली. पोरीच्या मामाचाही असाच मान. हे सगळं देवळाबाहेर, लिंबाखाली उरकायचं. आणि ज्या पोरीसाठी कोणीच रुसत नसे, तिच्याबद्दल बायका हळू आवाजात म्हणत, हिच्यावर कोणाचा जीवच नव्हता वाटतं.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं ते मोठ्या लढाईचे दिवस होते. मी तेव्हा चौदा वर्षांची, आदिलाबादच्या मिशन बोर्डिंगात शिकत होते, उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले होते. नवरा मुलगा बोर्डिंगातच वाढलेला. आईबाप लहानपणीच गेलेले, घर नाही, गाव नाही. मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम शिकला आणि फौजेच्या दवाखान्यात भरती झाला. त्याला समुद्रापलीकडं पाठवणार होते. त्याआधी थोडी रजा मिळाली, तेवढ्यात लग्न करायचं होतं. शुक्रवारच्या मोटारीनं तो जाणार, मग रेल्वे, मग बोट. परत येईल की नाही हे कोणी बोलत नव्हतं. सगळे तेच मनात धरून होते.

ताई घरात गप्प कामं करायची. पण एकदा पाणी भरताना मला म्हणाली, "त्याचं कोणीच नाई वं. निदान परत याले एक घर तरी पायजे ना त्याले."

दोन रविवार मास्तरांनी चिठ्ठी वाचली. तिसऱ्या रविवारी नवे पाद्रीसाहेब आले. ते स्वतः वाचणार, आणि मंगळवारी लग्न लावून पुढं नेरडीगोंड्याकडं जाणार, असं ठरलेलं. गोदावरीपलीकडचे तेलुगू गृहस्थ. उंच, सावळे, डोक्यावर सोला टोपी, हातात छत्री. मराठी त्यांनी पवित्र शास्त्रातून शिकलेली, त्यामुळं ते विहिरीवर पाणी मागतानाही उपदेश केल्यासारखं बोलत. माणूस सरळ होता. पुस्तकात जे छापलं आहे ते अक्षर न्‌ अक्षर वाचायचं, असा त्यांचा नेम.

त्यांनी दोघांची नावं वाचली. आणि मग म्हणाले, "या विवाहास कोणाची हरकत असेल तर त्याने आताच उभे राहून सांगावी. नंतर सांगू नये."

देवळात एकदम शांत झालं. पण ती इंग्लंडातली शांतता नव्हती. ही माणसं चकित होऊन एकमेकांकडं पाहत होती. आजवर लिंबाखाली उरकायची गोष्ट खुद्द पाद्रीसाहेब देवळात विचारत होते, तेही नवं, धुतलेलं उपरणं घालून. केवढा मान. शिवाय त्या प्रश्नाची ओळख आम्हाला दुसरीकडून होती. चावडीवर जमिनीची नोंद बदलायची असली की पटवारी असंच विचारायचा, कोणाची उजरदारी आहे का. उजरदारी म्हणजे हरकत. तिथं जो गप्प बसला, त्याचा हक्क बुडाला. पुन्हा बोलायची सोय नाही. "नंतर सांगू नये" हे शब्द ऐकल्यावर सगळ्यांना चावडीच आठवली असणार.

आत्या उठली.

आत्याचं सासर आमच्याच गावात, नाल्यापलीकडं. नवरा गेलेला, घरात एकटी. तिला एकच मुलगा झाला होता, ताईच्याच वयाचा. तो पाच-सहा वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला. दोघं रांगत होती तेव्हापासून आत्या म्हणायची, ही माझी सून. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका पाद्रीसाहेबांनाच नव्हतं.

डोक्यावरचा पदर नीट करून ती म्हणाली, "हाय. माही उजरदारी हाय. भावाच्या पोरीवर पयला हक माहा. माह्या पोरासाठी मागून ठेवली होती."

बायकांनी माना हलवल्या. माझ्या आईनं डोळे पुसले. मी ताईकडं पाहिलं. तिनं खाली मान घातली होती, पण चेहरा उजळला होता.

तेवढ्यात पुरुषांकडून मामा उठला. "माही बी हाय. मी पोरीचा मामा. सोयरीक ठरली तवा मले सांगावा नाई आला. बजारात दुसऱ्याच्या तोंडून आयकलं."

माझे वडील म्हणाले, "अरे, तू नार्नूरले होता ना तवा."

"नार्नूर काय चंद्रावर हाय का? माणूस धाडता नाई येत?"

मग टाळवाला म्हातारा भिंतीला धरून उभा राहिला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "आपली कोणती हरकत?"

"तशी काई नाई," म्हातारा म्हणाला. "पन सगळे बोलून राह्यले. मंग मी काऊन गप्प बसू? माहा हक बुडाला तं?"

बायकांकडं हसू पसरलं. पाद्रीसाहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि फार हळू म्हणाले, "हरकतींचा निकाल लागेपर्यंत हा विवाह होऊ शकत नाही."

हसणं जागच्या जागी थांबलं. नवरा मुलगा खांबाला टेकून उभा होता, खाकी सदऱ्यात. तो हळूच खाली बसला.

उपासना संपल्यावर मास्तरांनी पाद्रीसाहेबांना गाठलं. मी मुद्दाम जवळच चपला शोधत राहिले. मास्तर म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. ही आमच्याकडची रीत आहे. मान असतो तो."

"रीत," पाद्रीसाहेब म्हणाले. "म्हणजे त्या बाईच्या मनात हरकत नाही, आणि ती देवापुढे उभी राहून खोटे बोलली?"

आत्या दोन पावलांवर होती. तिनं ऐकलं. मास्तरांना सावरून घ्यायला वेळच मिळाला नाही.

"म्या खोटं बोललो?" ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात. "देवळात उभं राहून म्या खोटं बोललो?"

"तर मग आपला मुलगा आहे? आणि त्याच्यासाठी ही मुलगी मागितलेली आहे?"

"मागतली होती."

"ठीक. उद्या सकाळी आपण मुलाला घेऊन या. मी दोन्ही पक्षांचे ऐकेन."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्यासमोर त्या पोराच्या मरणाचा शब्द काढायचा नाही, हे इतकी वर्षं सगळ्या गावानं पाळलेलं होतं. आणि तिच्यादेखत, उन्हात उभं राहून, परक्या माणसाला ते कोण सांगणार? आत्या वळली आणि नाल्याकडं चालू लागली.

आता गाठ पक्की बसली होती. आत्यानं हरकत मागं घेतली तर ती देवळात खोटं बोलली असा अर्थ. मागं घेतली नाही तर ताईचं लग्न मोडलं, आणि शुक्रवारची मोटार काही थांबणार नव्हती.

दुपारी वडिलांनी त्यांना जी रीत ठाऊक होती ती केली. आदिलाबादहून आणलेलं हिरवं लुगडं घेतलं आणि आत्याच्या दाराकडं निघाले. नेमके पाद्रीसाहेब शाळेच्या पडवीत बसलेले. त्यांनी विचारलं, हे कोणासाठी. माझे वडील साधे, सरळ सांगून मोकळे झाले, "बहिणीसाठी. ती हो म्हणन ना मंग."

पाद्रीसाहेब उभेच राहिले. म्हणाले, हरकत घेणाऱ्याला वस्तू देणं म्हणजे लाच. हे लुगडं तिच्या घरात गेलं तर तिचा शब्द ते मानणार नाहीत. वडील लुगडं घेऊन परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं जाता येत नव्हतं, आणि भरल्या हातानं जाऊ देत नव्हते.

मामा तोवर निवळला होता. आईनं त्याला जेवायला वाढलं तेव्हाच त्याचा राग संपला. आता तोच सगळ्यांत जास्त तळमळत होता. "त्या म्हाताऱ्याले कोनी सांगतलं होतं उठाले," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"तुले कोनी सांगतलं होतं?" आई म्हणाली.

ऊन कलल्यावर नवरा मुलगा पाद्रीसाहेबांकडं गेला. तो बोर्डिंगात वाढलेला, त्याची भाषा आमच्यापेक्षा शुद्ध. म्हणाला, "साहेब, शुक्रवारी मला जावंच लागेल. नाही गेलो तर पकडून नेतील."

पाद्रीसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याची मागितलेली मुलगी मी तुला देऊ? ज्याच्यासाठी मागितली तो उद्या येऊन मला विचारील." त्यांचा आवाज कठोर नव्हता. त्यांना खरंच एक मुलगा दिसत होता, कुठल्या तरी गावाहून उन्हातून चालत येणारा. नवरा मुलगा परगावचा. त्यालाही काही माहीत नव्हतं.

आणि ताई कुठं होती? आत्याच्या घरी. मला आईनं बोलवायला पाठवलं, तेव्हा दोघी ओट्यावर होत्या. ताई खाली बसलेली, आत्या मागं, आणि ताईच्या केसांना तेल लावणं चाललेलं. माझ्यामागून पाद्रीसाहेब छत्री घेऊन तिकडंच आले होते, बहुधा आत्याची समजूत काढायला. नवरीच्या लग्नाला हरकत घेणारी बाई नवरीच्या डोक्याला तेल चोळते आहे, हे पाहून ते नाल्याच्या अलीकडंच थांबले. मग आले तसे परत गेले.

मी ओट्यावर बसले आणि तोंड वाजवलं. म्हटलं, "आत्या, सांगून टाक ना साहेबाले. एका शब्दाचं काम हाय."

"कोन्ता शब्द?" आत्यानं विचारलं. तिचे हात थांबले नाहीत.

मला तो शब्द उच्चारता आला नाही. बोर्डिंगात पहिला नंबर येत होता, तरी नाही आला.

ताईच म्हणाली, "राहू दे वं. आत्या उठली नसती तं मले वाईट वाटलं असतं."

सोमवारी सकाळी लिंबाखाली सगळे जमले. पाद्रीसाहेब स्टुलावर बसले. मामानं उभं राहून आपली हरकत मागं घेतली, टाळवाल्या म्हाताऱ्यानंही घेतली आणि विचारलं, पुढं कधी लागली तर पुन्हा घेता येईल का. मग आत्या आली. एकटीच.

"मुलगा कुठे आहे?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

आत्या म्हणाली, "चला. दाखवतो."

ती पुढं निघाली. पाद्रीसाहेब मागं, त्यांच्यामागं मास्तर, आणि मग आम्ही सगळे. देवळाच्या मागून पायवाट जाते, नांगरून ठेवलेल्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. तिकडं आमचं कबरस्तान. कुंपण वगैरे काही नाही, नुसते दगडांचे ढीग आणि त्यांवर लाकडी क्रूस. बरेचसे वाळवीनं खाल्लेले. एकच ढीग नीट रचलेला होता, लहान, कडेचे दगड चुन्यानं रंगवलेले. आत्या तिथं जाऊन उभी राहिली.

"हा," ती म्हणाली.

पाद्रीसाहेब त्या ढिगाकडं पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढली. छत्री त्यांच्या हातातून खाली गेली, ती मास्तरांनी उचलली. उन्हात सगळे उभे होते. लांब कोणीतरी बैलांना हाकारत होतं, तेवढाच आवाज.

"हिच्या बरोबरीचा होता," आत्या म्हणाली. "आता याच्या वयाचा असता." तिनं नवऱ्या मुलाकडं हात केला. "म्या मागतली होती. खोटं नाई बोललो."

"नाही," पाद्रीसाहेब म्हणाले. "तुम्ही खोटे बोलला नाहीत. मीच..." पुढचा शब्द त्यांना मराठीत सापडला नाही, की सापडूनही बोलवला नाही, कोण जाणे. ते जमिनीवर बसले, त्या दगडांजवळ, पांढरा झगा मातीत. आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच आपल्या भाषेत बोलले. आईशी बोलावं तसं हळू विचारलं, "इस्तारा, अम्मा?"

द्याल का, आई. निर्मळच्या बाजारात कापूस विकणाऱ्या माणसांना एवढी तेलुगू येतेच. आत्यालाही यायची.

"भावानं लुगडं आनलं हाय," ती म्हणाली. "ते घेऊ देता का?"

"घ्या."

"आन्‌ देवळात इचारा. मी देवळात उठलो होतो. हितं नाई देनार."

"देवळातच विचारेन."

"मंग इस्ता," आत्या म्हणाली. देते.

वडील तिथून जवळजवळ पळतच घरी गेले. लुगडं घेऊन आत्याच्या दारात पोचले तेव्हा ती तिथं नव्हतीच. ती अजून कबरस्तानातून सावकाश येत होती, पाद्रीसाहेबांशी मोडक्या तेलुगूत बोलत. वडील तिच्या दारात उन्हात वाट बघत बसले. ती आली, ते पाया पडले, आणि रीतीप्रमाणं ती थोडं आणखी रुसली. रंग हिरवा काऊन आनला, म्हणाली, मले मोरपंखी पायजे होता.

मंगळवारी लग्न लागलं. त्याआधी पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं, तो प्रश्न पुन्हा वाचला, आणि या वेळी पुढचं न वाचता थांबले. त्यांच्या थांबण्याचा अर्थ आता वेगळा होता. आत्या उठली. हिरवं लुगडं नेसली होती.

"हक माहा होता," ती म्हणाली. "मी देतो."

"मी बी," मामा म्हणाला. टाळवाला म्हातारा उठायच्या बेतात होता, त्याला दोघांनी धरून बसवलं.

तीन दिवस ताई आणि तिचा नवरा शाळेच्या खोलीत राहिले. शुक्रवारी आम्ही सगळे सडकेपर्यंत गेलो. पाद्रीसाहेबही पुढचा दौरा लांबणीवर टाकून थांबले होते. मोटार आली, धुरळा उडाला, तो चढला. ताई रडली नाही. मोटार गेल्यावर पाद्रीसाहेबांनी माझ्या वडिलांना विचारलं, आता मुलगी कुठं राहणार. लग्न झालेली पोरगी माहेरी ठेवली की लोक बोलतात, सासर तर नव्हतंच. पाद्रीसाहेबच म्हणाले, आदिलाबादेत आमच्या बंगल्यावर राहू द्या, पत्नीला सोबत होईल.

वडील विचारात पडले. आत्या म्हणाली, "बंगल्यात काऊन? तिचं घर नाई का?" आणि तिनं ताईच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि नाल्याच्या वाटेला लागली. ताई तिच्यामागं गेली.

तो परत आला, हे इथंच सांगून टाकते, उगीच कोणाचा जीव टांगणीला नको. लढाई संपल्यावर आला, एका कानानं कमी ऐकायला येत होतं, बाकी धड होता. आला तो आधी आत्याच्याच दारात. दुसरं घर त्याला ठाऊकच नव्हतं.

पण मला जे दिसतं ते त्याच्या कितीतरी आधीचं. माझी शाळा उघडायच्या आधीचा रविवार. पाद्रीसाहेब महिन्याच्या फेरीला आलेले. आमच्याकडं प्रभुभोजनाला घराघरानं पुढं जायची पद्धत होती. एक घर उठायचं, म्हातारे, बाया, मोठी पोरं, सगळी मिळून मेजापुढं गुडघे टेकायची, भाकर आणि मनुकांचं पाणी घेऊन परत यायची, मग दुसरं घर. आत्या नवरा गेल्यापासून सगळ्यांच्या शेवटी जायची, एकटी. ती उठली की कळायचं, आता संपलं, आणि मागची पोरं दाराबाहेर चपला शोधायला लागायची.

त्या दिवशी आमचं घर उठलं तेव्हा सवयीनं ताईही माझ्याबरोबर उठायला गेली. मग थांबली. खाली बसली. आम्ही जाऊन आलो. एकेक घर जाऊन आलं. शेवटी आत्या उठली आणि तिनं मागं न बघता हात किंचित मागं केला. ताई उठली, तिच्या शेजारी गेली. दोघींनी मेजापुढं गुडघे टेकले. पाद्रीसाहेब ताटली घेऊन आले, आणि दोघींपुढं नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ थांबले. मागच्या पोरांपैकी कोणीही चपलांना हात लावला नाही.